मल्लांची मिळकत

आपल्या संघाच्या गतवर्षीच्या वार्षिक सभेत एका सभासद बंधूंनी असा प्रश्न मांडला की, शिक्षणनिधीतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस जसे साहाय्य दिले जाते, तसे कोल्हापुरास तालमीत राहून कुस्ती शिकणाऱ्या आपल्या मुलांस का दिले जाऊ नये? त्यावर दुसरे एक बंधू म्हणाले, ''कुस्तीत पैसा उदंड आहे. चारचाकी गाड्या इनामात मिळतात. त्यांस निधीची गरज ती काय?'' सभेत हशा पिकला, प्रश्न मतास टाकला गेला आणि तो फेटाळला गेला. आम्हीही विरोधाच्या बाजूने हात वर केला होता. पुढे आमच्या मनास चुटपुट लागली. आयुष्यभर मुलांस इतिहास शिकविला, परंतु मल्ल पोट कशावर भरतो, त्याच्या हाती पैसा येतो कोठून आणि जातो कोठे, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो या वर्षी केला. जे ध्यानात आले ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

कुस्ती हा पैसा मिळविण्याचा व्यवसाय फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे दर्जे सांगितले आहेत. त्यांस दूध, दही, तूप, मांस इत्यादी आहार राजाने कसा पुरवावा आणि सराव कसा करवून घ्यावा, याचेही वर्णन आहे. आमच्या मते या प्रकरणातील महत्त्वाची गोष्ट आहाराची. कुस्ती जिंकल्यावर मिळावयाचे ते इनाम, परंतु कुस्तीचा दिवस उगवेपर्यंत मल्लाने खावयाचे काय? सोमेश्वराने हा भार राजाच्या कोठारावर टाकला आहे. पुढील आठशे वर्षांत हा भार कोणी उचलला, हाच मल्लांच्या मिळकतीचा खरा इतिहास होय.

कोल्हापुरात तो राजर्षी शाहू छत्रपतींनी उचलला. महाराज स्वतः कुस्तीचे जाणकार होते. त्यांनी तालमी बांधविल्या, नामांकित मल्ल पदरी ठेविले, त्यांचा खुराक संस्थानातून चालविला. पंजाबातून मोठमोठे पहिलवान कोल्हापुरास आणवून येथील पोरांस त्यांच्या हाताखाली घातले. इ. स. १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त महाराज विलायतेस गेले असता रोम येथे त्यांनी प्राचीन रंगमंडल पाहिले. त्याच धर्तीवर कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभे राहिले व १९१२ साली तेथे कुस्त्या सुरू झाल्या. कोठेही बसले तरी हौदा दिसावा अशी त्याची गोल, उतरती रचना आहे. महाराजांच्या आश्रयाने मल्लाच्या पोटाची चिंता मिटली होती, मात्र आश्रय राजाच्या हयातीला बांधलेला होता. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले. पुढे संस्थानही १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले.

याच काळात विलायतेत मल्ल निराळ्या मार्गाने पैसा मिळवीत. तेथे राजा नव्हे तर तिकीट काढून आत येणारा प्रेक्षक हा अन्नदाता होता. १९१० साली आपल्याकडील गामा पहिलवान लंडनला गेला तो अशाच एका व्यवस्थापकाच्या आयोजनाने. उंचीने तो बेताचाच असल्याने त्यास प्रथम स्पर्धेत घेईनात. तेव्हा त्याने जाहीर आव्हाने दिली आणि डॉ. रोलर या अमेरिकी मल्लास चीत केले. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची गाठ पडली. अडीचशे पौंड आणि जॉन बुल पट्टा एवढे पारितोषिक होते. झिबिस्को मॅटवर पालथा पडून राहिला, अडीच तासांहून अधिक वेळ झटापट होऊनही निकाल लागला नाही. १७ तारखेस पुन्हा कुस्ती ठरली, त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही आणि गामास पारितोषिक मिळाले. १९२८ साली पतियाळास त्या दोघांची पुन्हा कुस्ती झाली, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत झिबिस्कोस आस्मान दाखविले. ती कुस्ती पतियाळाच्या महाराजांनी भरविली होती व गामा त्यांच्याच पदरी होता. म्हणजे लंडन गाजवून आलेल्या मल्लासही अखेर राजाचाच आधार घ्यावा लागला. फाळणीनंतर संस्थानिकांचा आधार तुटला. गामा लाहोरास राहिला व १९६० साली वारला. अखेरच्या आजारपणात त्यास इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. जगज्जेता म्हणविणाऱ्याची ही स्थिती, मग इतरांची काय कथा!

आता आपल्या खाशाबा जाधवांकडे वळू. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे हे सुपुत्र १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले व सहावे आले. त्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी साहाय्य केले होते. १९५२ साली हेलसिंकीस जावयाचे तेव्हा संस्थान उरले नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. कऱ्हाडास शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु पदकाबरोबर पैसा आला नव्हता. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने केली आणि त्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. प्राचार्यांनी घर गहाण टाकले हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. पदक मिळविणाऱ्याने कुस्त्या करून ते सोडविले, हा उत्तरार्ध मात्र सांगावयाचा राहून जाई.

संस्थाने गेल्यावर मल्लास पोसण्याचे काम गावोगावच्या यात्रांनी केले, आणि अद्याप करीत आहेत. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मैदान भरते. प्रारंभी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेच्या, मग हजाराच्या आणि दिवस कलता कलता एक नंबरची कुस्ती. तिचे इनाम गावाच्या वर्गणीतून वा एखाद्या दात्याकडून येते व जोड आधीच ठरलेली असते. जिंकणाऱ्यास हलगीच्या कडकडाटात मैदानास फेरी मारवितात, त्या वेळी शौकीन मंडळी खिशातून नोटा काढून हातात देतात. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम दोघांत विभागले जाते. नामांकित मल्लाची वर्षाची बहुतेक कमाई अशा पंचवीस-तीस मैदानांवर होते. ही मैदाने मुख्यतः दिवाळीनंतर सुरू होऊन वैशाखापर्यंत चालतात. पावसाळ्यात उत्पन्न नाही, खुराक मात्र बारमाही. दूध, तूप, बदाम, थंडाई, मांसाहारी असल्यास मटण व अंडी यांस आजच्या भावाने महिन्याला पंधरा-वीस हजार रुपये सहज लागतात. हे तयारीच्या पोराचे झाले, मोठ्या मल्लाचा खर्च याहून अधिक. वडील दोन-तीन एकरांचे धनी असले तर म्हैस दारात असूनही घरच्या मुलांच्या वाट्यास दूध येत नाही, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मल्लाच्या मिळकतीचा दुसरा मार्ग किताबांचा. १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९५९ साली श्रीपती खंचनाळे, १९६० साली गणपतराव आंदळकर व १९६४ साली मारुती माने हिंदकेसरी झाले. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी हा किताब सुरू झाला, त्याचे पहिले मानकरी दिनकर दह्यारी. किताबाबरोबर चांदीची गदा मिळते. गदेस मान मोठा, पण ती विकून कोणी खुराक घेत नाही. किताबाने एकच होते, यात्रेतील मल्लाचा भाव वाढतो. २०२३ साली पुण्यात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाले तेव्हा त्यांस महिंद्रा थार गाडी व पाच लाख रुपये मिळाले. सभेतील बंधूंनी ऐकलेली गाडी ती हीच. तथापि वर्षास किताब एक, आणि गाडीही प्रायः एकच. त्याच वर्षी सांगलीस महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथमच झाली व प्रतीक्षा बागडी जिंकल्या, ही आनंदाची गोष्ट येथे नमूद करतो. आपल्या संघातील मुलींच्या वडिलांनी ती ध्यानात ठेवावी.

२०१५ साली परदेशी धर्तीवर प्रो रेसलिंग लीग निघाली. तीत मल्लांवर बोली लागे. २०१८ च्या मोसमात सुशीलकुमार यांस पंचावन्न लाखांची बोली लागली. एवढी रक्कम यात्रेच्या मैदानात मिळविण्यास किती वर्षे लागतील! परंतु २०१९ च्या मोसमानंतर ती लीग अनेक वर्षे भरलीच नाही.

तिसरा मार्ग नोकरीचा, आणि आमच्या मते स्थिर असा हाच. पोलीस, रेल्वे, सैन्यदल येथे मल्लांस जागा मिळतात. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव व विजय चौधरी हे दोघेही पोलीस खात्यात अधिकारी झाले. कोल्हापूर जिल्ह्यातील काही सहकारी साखर कारखाने स्पर्धा घेऊन मानधनधारक मल्ल निवडतात व त्यांस मानधन देतात. सोमेश्वराच्या कोठाराचीच ही आधुनिक आवृत्ती म्हणावयाची. शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यांस प्रमाणपत्र लागते ते मान्यताप्राप्त स्पर्धेचे, आणि त्या स्पर्धा मॅटवर, वजनगटांत, गुणांवर होतात. यात्रेतील मातीच्या कुस्तीने रोख पैसा मिळतो, प्रमाणपत्र मिळत नाही. स्पर्धेने प्रमाणपत्र मिळते, खुराकाचा पैसा मिळत नाही. ज्याच्या घरी पैसा नाही तो पोरगा खुराकासाठी यात्रेकडे धावतो आणि नोकरीच्या वाटेपासून दूर जातो. हा पेच आम्हांस पुस्तकांतून कळला नाही. आमच्या एका विद्यार्थ्यामुळे कळला.

हा मुलगा २०१३ साली दहावी उत्तीर्ण होऊन तालमीत गेला. तेव्हा त्याच्या वडिलांनी आमचा सल्ला विचारला होता व आम्ही ''जाऊ द्या'' असे म्हटले होते. हे सांगणे प्राप्त आहे, कारण त्यापुढचे आम्ही काहीच सांगितले नव्हते. गेल्या दिवाळीत तो भेटावयास आला. कुस्तीत पैसा किती, असे विचारता त्याने घरी जाऊन एक जुनी वही आणून दिली. हिशेब ठेवावा ही सवय गुरुजींनी लावली, असे तो म्हणाला. वहीत गाव, तारीख, जोड, निकाल, जाहीर इनाम आणि हाती पडलेले इनाम असे रकाने आखलेले. शेवटचे दोन रकाने क्वचितच जुळतात. एका गावी ध्वनिक्षेपकावरून एकवीस हजार पुकारले आणि हाती अकरा दिले, राहिलेले ''पुढच्या यात्रेला'' म्हणून सांगितले. पुढच्या यात्रेला पंच मंडळी बदलली होती. २०१८-१९ हे त्याचे सर्वांत भरभराटीचे वर्ष, त्या वर्षी अठ्ठावीस मैदाने झाली. वहीच्या उलट बाजूस खुराकाचा, प्रवासाचा, गुडघ्याच्या उपचाराचा खर्च लिहिला आहे. दोन्ही बाजूंच्या बेरजा आम्ही पुन्हा करून पाहिल्या. भरभराटीच्या त्या वर्षीही खर्चाची बाजू चार हजारांनी जड होती.

सबब आमची सूचना अशी. तालमीतील जो मुलगा बारावीपर्यंतचे शिक्षण चालू ठेवील आणि वर्षातून दोन मान्यताप्राप्त स्पर्धांत उतरेल, त्यास शिक्षणनिधीतून दरमहा खुराकासाठी साहाय्य द्यावे. ते शालेय शुल्काप्रमाणेच धरावे, बक्षीस समजू नये. रक्कम किती असावी हे कार्यकारी मंडळाने ठरवावे. आमच्या निवृत्तिवेतनातून पहिली वर्गणी आम्ही कोषाध्यक्षांकडे जमा केली आहे. येत्या सभेत हा प्रश्न पुन्हा मांडला जाईल तेव्हा गतवर्षीचा आमचा हात आम्ही मागे घेणार आहोत.

वही आमच्याकडेच आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी अवश्य घरी यावे, नाव झाकून दाखवू. शेवटची नोंद २०२० च्या मार्चमधील आहे. त्या महिन्यात साथीमुळे यात्रा बंद झाल्या. त्यापुढे नऊ गावांची नावे आधीच लिहून ठेविलेली आहेत, निकालाचे आणि इनामाचे रकाने कोरे आहेत. तो मुलगा आता गावी दोन म्हशी पाळून डेअरीला दूध घालतो आणि पहाटे गावच्या तालमीत सात-आठ पोरांस डाव शिकवितो. त्यांपैकी दोघे आपल्या संघाच्या सभासदांचे आहेत.