सात अणूंचे वितळणे

एप्रिलच्या दुपारी खडकवासल्याला गॅलियमची कुपी टेबलावर ठेवली, तर आतला घन धातू थोड्या वेळात पाण्यासारखा हलू लागतो. त्याचा द्रवणांक अवघा २९.८ अंश सेल्सिअस आहे. याच धातूच्या सतरा अणूंचा पुंज मात्र चारशे अंशांपर्यंत तापवला तरी वितळण्याची खूण दाखवीत नाही.

हे नियमाच्या अगदी उलट झाले. कण जितका लहान तितका द्रवणांक कमी, असा हिशेब पावलोव्ह यांनी १९०९ मध्ये मांडला होता. पृष्ठभागावरच्या अणूला शेजारी कमी, म्हणून त्याची पकड सैल. आणि कण लहान होत जाईल तसा अशा अणूंचा वाटा वाढतो. १९५४ मध्ये जपानमध्ये ताकागी यांना शिसे, कथील व बिस्मथ यांच्या पातळ थरांत हे दिसले, १९७६ मध्ये बुफा व बोरेल यांना सोन्याच्या कणांत. आम्हीही विद्यार्थ्यांना हाच नियम बिनदिक्कत सांगत आलो.

गॅलियमचा अपवाद २००३ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात जॅरॉल्ड यांच्या गटाला सापडला. त्याचा उलगडा पुढच्याच वर्षी झाला, तो खडकवासल्यापासून जवळच, तेव्हाच्या पुणे विद्यापीठात. चाको, कविता जोशी, दिलीप कान्हेरे आणि फ्रान्समधील ब्लंडेल यांनी संगणकावर हे पुंज 'तापवून' पाहिले. प्रत्येक अणूवरचे बल क्वांटम सिद्धांताने काढायचे, अणू किंचित सरकवायचे, पुन्हा बल काढायचे. हे काम अतिशय चिकाटीचे. गॅलियमच्या मोठ्या तुकड्यात प्रत्येक अणूचा एकच शेजारी अगदी जवळ असतो, बाकीचे दूर. तिथले बंध काही सहसंयुज, काही धातूसारखे. छोट्या पुंजात मात्र ते सहसंयुज होतात, म्हणून पुंज घट्ट राहतो. म्हणजे केवळ पृष्ठभाग मोजून भागत नाही, बंधाची जातही पाहावी लागते.

मिश्रधातूत तर हे फारच ठळक दिसते. लिथियमच्या सात अणूंचा पुंज सुमारे १५० अंशांना द्रवासारखा होतो, असे जोशी व कान्हेरे यांना २००३ मध्ये आढळले. त्यातला एक अणू काढून कथिलाचा घातला की हे तापमान थेट उणे २३ अंशांच्या आसपास उतरते! कथील सर्व लिथियम अणूंकडून विद्युतभार ओढून घेते आणि त्यांचे आपसांतले बंध ढिले पडतात.

'द्रवासारखा' हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. सात अणूंना पाठ्यपुस्तकातला नेमका द्रवणांक नसतो. विशिष्ट उष्मेच्या आलेखात टोकदार शिखराऐवजी पसरट उंचवटा येतो.