हब मोटर बंद पडते तेव्हा : दोष ओळखण्याचा क्रम आणि दुरुस्ती

विजेवर चालणारी सायकल किंवा हलकी स्कूटर रस्त्यात अचानक थांबली, की ‘मोटर जळली’ हा निष्कर्ष सर्वांत आधी काढला जातो आणि सर्वांत महाग पडतो. चाकातील मोटर बदलूनही वाहन जागचे हलत नाही, असेही घडते. कारण दोष मोटरमध्ये नसून ब्रेकच्या स्विचमध्ये, कनेक्टरमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये असतो. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आणि उरलेले महिने खाऱ्या वाऱ्यात काढणाऱ्या गोव्यात ओलावा आणि गंज हे या वाहनांचे नित्याचे वैरी आहेत. योग्य क्रमाने तपासणी केल्यास दोष नेमका कोठे आहे, हे एका साध्या मल्टिमीटरने आणि हाताच्या स्पर्शाने बऱ्याच अंशी कळू शकते.

रचना

चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलीचे पेटंट १८९५ मध्ये मिळाले. आजच्या हब मोटरमध्ये मात्र कार्बन ब्रश नसतात. मधला आस वाहनाच्या सांगाड्याला घट्ट आवळलेला असतो आणि त्यावर तांब्याच्या तारेची वेटाळणी असलेला स्थिर भाग, म्हणजे स्टेटर, बसवलेला असतो. बाहेरच्या कवचाच्या आतील बाजूस चुंबक चिकटवलेले असतात. आस स्थिर राहतो आणि कवचासह चाक फिरते.

मोटरमधून तीन जाड वायरी निघतात. त्या बहुधा पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या असतात व त्यांना फेज वायरी म्हणतात. त्यांच्यासोबत पाच बारीक वायरी असतात : लाल आणि काळी वायर हॉल सेन्सरना वीज पुरवतात, तर उरलेल्या तीन संकेत वाहून नेतात. चुंबक कोणत्या स्थितीत आहेत हे तीन हॉल सेन्सर कंट्रोलरला सांगतात आणि त्यानुसार कंट्रोलर कोणत्या वेटाळणीत प्रवाह सोडायचा ते ठरवतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर हे सेन्सर काम करतात.

मोटरचे दोन प्रकार आढळतात. थेट फिरणाऱ्या मोटरमध्ये दातेरी चाके नसतात. गिअरच्या मोटरमध्ये नायलॉनची लहान दातेरी चाके आणि एकाच दिशेने पकड घेणारा क्लच असतो. पुढील चाचण्या करताना हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

मोटरकडे वळण्यापूर्वी

पहिली तपासणी बॅटरीची. ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर सुमारे ४२ व्होल्ट आणि ४८ व्होल्टची सुमारे ५४.६ व्होल्ट दाखवते. उभ्या वाहनावर व्होल्टेज ठीक दिसते, पण चढणीवर भार येताच ते कोसळत असेल, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या कनेक्टरमध्ये शोधावा. पणजीत सपाट रस्त्यावर धावणारे आणि आल्तिनोच्या चढणीवर बंद पडणारे वाहन याच प्रकारातले असू शकते. बॅटरीचा संच मात्र घरी उघडू नये.

दुसरी तपासणी ब्रेकच्या स्विचची. ब्रेक दाबताच मोटरचा पुरवठा तोडणारा हा स्विच गंजून दाबलेल्या स्थितीतच अडकला, तर दिवे लागतात, पडदा उजळतो, पण चाक हलत नाही. स्विचचा कनेक्टर क्षणभर काढून पाहिल्यास हे लगेच कळते. काही स्कूटरमध्ये बाजूच्या स्टँडचा सेन्सरही असेच काम करतो.

तिसरी तपासणी थ्रॉटलची. थ्रॉटल पूर्ण सोडलेला असताना संकेताच्या वायरवर साधारण ०.८ ते १ व्होल्ट आणि पूर्ण पिळल्यावर ३.५ ते ४.२ व्होल्ट मिळायला हवेत. हे सर्व ठीक असेल, तरच चाकाकडे वळावे.

हाताने होणारी चाचणी

वाहन मधल्या स्टँडवर घ्यावे, बॅटरी काढावी आणि चाक हाताने फिरवावे. थेट फिरणारी मोटर चुंबकांमुळे किंचित अडखळत, पण मोकळी फिरते. चाक जड आणि झटके देत फिरत असेल, तर तिन्ही फेज वायरी कंट्रोलरपासून सोडवून पुन्हा फिरवावे. आता ते मोकळे झाले, तर कंट्रोलरमधील मॉसफेट शॉर्ट झाले आहेत. तरीही जड राहिले, तर शॉर्ट मोटरच्या आत किंवा तिच्या केबलमध्ये आहे. चाक अडखळण्याऐवजी खरखरत असेल, तर बेअरिंग तपासावे.

त्यानंतर सुट्या फेज वायरींपैकी दोन-दोन वायरी एकमेकींना टेकवून चाक फिरवावे. मोटर ठीक असेल, तर प्रत्येक जोडीला चाक सारखेच जड लागते. एखाद्या जोडीला ते मोकळे फिरले, तर त्यातील एक वायर किंवा वेटाळणी तुटलेली आहे. गिअरच्या मोटरमध्ये ही चाचणी चाक उलट दिशेने फिरवून करावी. सरळ दिशेने फिरवल्यास क्लच सुटतो आणि मोटर फिरतच नाही.

फेज वायर आणि मोटरचा आस यांच्यामधील रोध मल्टिमीटरवर अमर्याद दिसायला हवा. तेथे जोड दिसला, तर वेटाळणीचे किंवा वायरीचे आवरण फाटले आहे. दोन फेज वायरींमधील रोध एक ओहमपेक्षाही कमी असतो. तो साध्या मल्टिमीटरने अचूक मोजता येत नाही, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून मोटर शॉर्ट ठरवू नये.

हॉल सेन्सर

सुरू होताना मोटर थरथरते, गुरगुरते आणि हाताने ढकलल्यावर कशीबशी चालते, तेव्हा हॉल सेन्सरवर संशय घ्यावा. फेज वायर सैल झाल्यासही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून वरील चाचणी आधी करायची.

फेज वायरी सोडवून, हॉलचा कनेक्टर मात्र जोडलेला ठेवून बॅटरी सुरू करावी. लाल आणि काळ्या वायरीत सुमारे ५ व्होल्ट मिळायला हवेत. मग काळ्या वायरच्या संदर्भाने प्रत्येक संकेत-वायर मोजत चाक अगदी सावकाश फिरवावे. गिअरची मोटर असल्यास उलट दिशेने. आकडा शून्याच्या जवळून ५ व्होल्टच्या जवळ आणि पुन्हा शून्याकडे असा बदलत राहायला हवा. एकच वायर एका आकड्यावर अडकली असेल, तर तो सेन्सर किंवा त्याची वायर निकामी आहे. तिन्ही वायरी एकाच वेळी निश्चल असतील, तर तीन सेन्सर एकदम गेले असे न समजता ५ व्होल्टचा पुरवठा आणि केबल तपासावी.

मोटर उघडावी लागली, तर

हमी चालू असेल, तर मोटर उघडू नये. हमी संपुष्टात येऊ शकते. उघडायचीच असेल, तर झाकण आणि कवच यांवर जुळणारी खूण करावी, स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने सैल करावेत आणि पुलर वापरावा. चुंबक इतके जोरकस असतात, की स्टेटर झटक्याने आत ओढला जाऊन बोटे चिरडू शकतात. मोटर ठेवण्याच्या मेजावर लोखंडाचा कीस नसावा.

आतील दृश्यच बरेच काही सांगते. स्टेटरवर तांबूस गंज आणि झाकणात पाणी असेल, तर पाणी बहुधा केबलच्या वाटेने किंवा झिजलेल्या सीलमधून शिरले आहे. गंज हलक्या हाताने काढून मोटर पूर्ण वाळवावी. केबलचे तोंड सीलबंद करताना आम्लाचा वास येणारे सिलिकॉन टाळावे, कारण ते तांबे गंजवते. तारांचे वार्निश काळे पडून जळका वास येत असेल, तर मात्र वेटाळणी खरोखरच जळलेली आहे.

हॉल सेन्सर स्टेटरच्या खाचांत चिकटवलेले असतात. एक निकामी झाला, तरी तिन्ही बदलणे शहाणपणाचे. कारण पुन्हा मोटर उघडण्याचे श्रम सेन्सरच्या किमतीहून अधिक असतात. काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि नव्या सेन्सरची छापील बाजू जुन्याच दिशेला ठेवावी. ती उलटली, तर संकेतही उलटतो. पायांवर स्वतंत्र इन्सुलेशन चढवून एपॉक्सीने सेन्सर पक्के करावेत. गिअरच्या मोटरमध्ये नायलॉनचे दाते झिजले आहेत का, हेही पाहावे. मोटर गरगर फिरते आणि चाक थांबलेले राहते, याचे कारण बहुधा दाते किंवा क्लच असतो.

आसाचे नट

मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा आसावर उलट दिशेचा तितकाच पीळ पडतो. नट सैल असेल, तर आस खाचेतच फिरतो आणि पोकळ आसातून बाहेर येणारी केबल पिळून तुटते. फेज आणि हॉल वायरी एकमेकींना लागून कंट्रोलरही जळू शकतो. पंक्चर काढल्यानंतर नट नीट न आवळणे हे अशा बिघाडाचे एक कारण. आस फिरू न देणारे वॉशर त्यांच्या जागी बसवावेत आणि केबल आसापासून आधी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी मोटरमध्ये न शिरता त्या वळणावरून गळून जाते.

बदलताना

वेटाळणी जळाली असेल किंवा अतिउष्णतेने चुंबकांची शक्ती उतरली असेल, तर स्टेटर किंवा संपूर्ण मोटर बदलणे योग्य ठरते. नवी मोटर व्होल्टेज, वॅट, आसाची रुंदी आणि हॉलचा कनेक्टर या चारही बाबतींत जुनीशी जुळली पाहिजे. अधिक ताकदीची मोटर बसवण्याचा मोह टाळलेला बरा. भारतात २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या वाहनांनाच ठरावीक अटींवर नोंदणीतून सूट आहे. ही मर्यादा ओलांडली, की तेच वाहन कायद्याने मोटार वाहन ठरते.

गॅरेजमध्ये वाहन देताना ‘मोटर गेली आहे’ एवढेच सांगण्याऐवजी बॅटरीचे व्होल्टेज, चाक फिरवल्यावरचा अनुभव आणि हॉलच्या तीन वायरींचे आकडे कागदावर लिहून दिल्यास मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि मालकाला नको त्या मोटरचा खर्च सोसावा लागत नाही.