चेहऱ्याआधीचा आवाज

नटाची कारकीर्द सांगताना आपण आधी त्याची नाटकं मोजतो, मग चित्रपट. जाहिरातींना किंवा माहितीपटांना दिलेला आवाज शेवटी ‘याशिवाय’ म्हणून उरकला जातो. हा क्रम मला मुळातच उलटा वाटतो. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात मराठी नटाचा चेहरा पुढच्या काही रांगांनाच नीट दिसायचा. पिटात मागे बसलेल्या माणसापर्यंत पोचायचा तो शब्द. वाक्य कुठे तोडायचं, श्वास कुठे चोरून घ्यायचा, शेवटचं अक्षर न गिळता कसं टाकायचं, यावर नटाची भाकरी अवलंबून होती. शब्दफेक हाच त्याचा धंदा होता.

बोलपट आल्यावर ही विद्या निकामी झाली, असा आक्षेप घेतात आणि दाखला बालगंधर्वांचा देतात. १९३५ साली ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले, पुढे पडद्यावर मीराबाईही झाले, पण तिथे त्यांचं बस्तान बसलं नाही. दाखला खरा आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. जन्म १८८८चा, म्हणजे पन्नाशीकडे झुकलेलं वय, आणि कॅमेरा अगदी नाकासमोर. तिथे हरला तो चेहरा. त्यांच्या ध्वनिमुद्रिका लोक नंतरही जिवापाड जपून ऐकत राहिले. देहापासून सुटा झालेला आवाज स्वतःच्या बळावर जगू शकतो, हे मराठी श्रोत्याला ग्रामोफोननं जाहिरातींच्या कितीतरी आधी दाखवून दिलं होतं.

गाण्याचं ठीक, पण गद्य आवाजाचं काय? त्यासाठी केशवराव दाते पाहावेत. महाराष्ट्र नाटक मंडळीच्या रंगमंचावर घडलेला हा नट १९३७ साली ‘कुंकू’त तरुण नीरेशी लग्न केलेले काकासाहेब झाला. दिग्दर्शक शांतारामबापूंनी या चित्रपटाला पार्श्वसंगीत दिलं नाही. घरातले आवाज आणि माणसांचं बोलणं, एवढंच. सूर धरायला पेटी नाही, सारंगी नाही. म्हाताऱ्याचा ताठा आणि त्याची शरम दोन्ही दात्यांना बोलण्यातूनच पेलावी लागली, आणि त्यांनी ती पेलली. नाटकी शिक्षण म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे, याला याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

१९६७ साली मुंबई, पुणे, नागपूर इथल्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि सुट्या आवाजाला नियमित बाजारभाव आला. अमरीश पुरींची वाटचाल याच सुमाराची. पडद्यानं तरुणपणी नाकारलेला, विमा महामंडळात नोकरी करणारा हा माणूस सत्यदेव दुबेंच्या नाटकांत उभा राहिला, जाहिरातींना आवाज देत राहिला. चित्रपटांनी त्याला खऱ्या अर्थानं जवळ केलं तेव्हा चाळिशी उलटली होती. जाहिरातींचं काम पोटापाण्याचं, कला म्हणून त्याला मोजू नये, असं कुणी म्हणेल. पण नाटक कंपन्याही पोटापाण्यासाठीच गावोगाव फिरत होत्या. तिकिटाच्या पैशानं त्यांचं गाणं खोटं ठरलं नाही. ‘मिस्टर इंडिया’तलं पुरींच्या मोगँबोचं ते तीन शब्दांचं वाक्य घ्या. कागदावर त्यात अभिनयाला जागाच नाही. तरी ते आठवताना आधी ऐकू येतो तो आवाज. सोनेरी झुपकेदार केस आणि वटारलेले डोळे त्याच्या मागून येतात.