सत्तावन्न ते सदुसष्ट मिलिमीटर

नगर–दौंड रस्त्यावरचं काष्टी हे श्रीगोंदा तालुक्यातलं गाव जनावरांच्या बाजारासाठी दूरदूरपर्यंत ठाऊक आहे. शनिवारी इथे बैल पाहणारा शेतकरी आधी दात पाहतो, आदत आहे, दुसा आहे की चौसा. मग खांद्यावर हात फिरवतो, खूर पाहतो, आणि चालवून पाहिल्याशिवाय सौद्याचं बोलत नाही. नुसती छाती रुंद आहे म्हणून कोणी बैल घेत नाही. त्याच बाजाराला आज माणूस बहुधा मोटरसायकलवरून येतो, आणि तिच्या इंजिनाबद्दल मात्र एकच प्रश्न विचारला जातो: किती सीसी? सिलिंडर मोठा करणारं ‘बिग बोअर किट’ घेणाऱ्यांची निवडही याच प्रश्नापासून सुरू होते. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. मूळ इंजिनात वाढीला जागा ठेवलेली आहे का, हे आधी पाहायला हवं. महाराष्ट्रात बनलेल्या आणि राबलेल्या इंजिनांचा इतिहास त्याची साक्ष देतो.

काष्टीतून जाणारा हा रस्ता उत्तरेला नगरमध्ये शिरतो, आणि त्याच रस्त्यावर कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना आहे. १९७२ साली बाजारात आलेली लूना ही याच कंपनीची. पियाजिओच्या चाओ मोपेडवर बेतलेली ती गाडी ५० सीसीची होती, आणि या आकड्यामागे अभियंत्याइतकाच कायदाही होता. युरोपात मोपेडची व्याख्याच ५० सीसीवर थांबायची. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला ५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवायची मुभा दिली. सिलिंडरचं घनफळ ही अशी गाडीची कायदेशीर ओळख आहे. ते आरसीवर छापलेलं असतं, आणि थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही ७५, १५० आणि ३५० सीसीच्या टप्प्यांवर बदलतो.

१९७२ हे दुष्काळाचंही साल. त्यानंतर गावोगाव विंधन विहिरी खोदल्या गेल्या आणि ‘बोअर’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी पक्का बसला. इंजिनाचा बोअर त्याच्या ओळखीचा झाला तो विहिरीवरच्या ऑइल इंजिनामुळे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालची, पुण्यात खडकीची. तिच्या एव्ही-१ या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ११० मिलिमीटर, घनफळ ५५३ सीसी आणि ताकद १५०० फेऱ्यांना ५ हॉर्सपॉवर. जुन्या बुलेटचं ३४६ सीसीचं इंजिन याहून कितीतरी लहान, तरी त्याची ताकद १८ हॉर्सपॉवर. रॉयल एनफिल्डनेच १९९०च्या दशकात काढलेली डिझेलवरची टॉरस ३२५ सीसीची, आणि तिची ताकद अवघी साडेसहा. सीसीवरून ताकद कळत नाही, हे या तीन आकड्यांतून उघड होतं. इंजिन किती वेगाने फिरतं, किती हवा आत घेतं आणि ती किती दाबतं, यावर ताकद ठरते.

या विहिरीवरच्या इंजिनाने बोअर हा शब्द दुरुस्तीशी जोडून दिला. लाइनर झिजलं, धूर वाढला, ओढ गेली, की लाइनर-पिस्टन बदलायचं. मोटरसायकली आल्या तेव्हा हीच रीत ‘बोअर-पिस्टन’ या नावाने गॅरेजात आली. झिजलेला सिलिंडर मशीनवर पाव मिलिमीटरने कातायचा आणि तेवढा मोठा पिस्टन टाकायचा. पुढे अर्धा, पाऊण, आणि फार तर एक मिलिमीटर. १९८५च्या हिरो होंडा सीडी १००चा बोअर ५० आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर होता, घनफळ ९७.२ सीसी. पूर्ण एक मिलिमीटर कातला तरी ते १०१च्या जवळपासच जातं. सिलिंडरच्या भिंतीवर याहून जास्त भरवसा ठेवू नये असं उत्पादकाचं मत होतं, आणि ओव्हरसाइज पिस्टनच्या मापांतच ते दिसतं. बिग बोअर किट या रीतीतून जन्मलेलं नाही. ते भिंत बदलायला निघालेलं असतं.

कारखान्यांनी मात्र सिलिंडर मोठे केले, आणि यशस्वीपणे केले. बजाजच्या चाकणच्या कारखान्यातली पल्सर २००१ साली १५० आणि १८० अशा दोन रूपांत आली. दोन्हींचा स्ट्रोक ५६.४ मिलिमीटर. बोअर मात्र एकीचा ५७ आणि दुसरीचा ६३.५. घनफळ १४३.९वरून १७८.६ सीसीवर गेलं, म्हणजे २४ टक्के वाढ. ताकद साधारण १२वरून १५ हॉर्सपॉवरवर गेली, जवळपास तितकीच. पुढे २००७च्या पल्सर २००मध्ये बोअर ६७ झाला, घनफळ १९८.८ सीसी, स्ट्रोक तोच ५६.४. पण आता इंजिनाच्या पुढे ऑइल कूलर आला. त्याच वर्षीच्या २२०मध्ये बोअर ६७वरच राहिला आणि स्ट्रोक ६२.४ झाला. एका घराण्यातल्या या चार इंजिनांत सगळी गोष्ट सामावलेली आहे. जागा होती तोवर बोअर वाढला, उष्णता वाढली तेव्हा तेल थंड करायची सोय आली, आणि रुंदी पुरी झाल्यावर स्ट्रोक वाढवायला क्रँक बदलला. बुलेटचंही असंच. ३५०चा बोअर ७० आणि ५००चा ८४, स्ट्रोक दोन्हींचा ९० मिलिमीटर. २०१३च्या कॉन्टिनेंटल जीटीमध्ये बोअर ८७ झाला आणि घनफळ ५३५ सीसी, पण त्या गाडीला फ्रेम नवी होती आणि ब्रेक ब्रेम्बोचे. आरएक्स १०० या मोटरसायकलच्या चाहत्यांनी १३५चा ब्लॉक बसवायची जी वाट धरली, तिलाही आधार कारखान्याचाच: बोअर ५० विरुद्ध ५८, स्ट्रोक दोन्हींचा ५०.

हा आधार नसलेल्या किटमध्ये काय होतं, हे साध्या गणिताने कळतं. समजा इंजिनाचं कॉम्प्रेशन ९.५ आहे आणि बोअर ५७वरून ६३.५ केला, हेड मात्र जुनंच ठेवलं. हेडमधली जागा तेवढीच राहून सिलिंडर मोठा झाल्याने कॉम्प्रेशन साडेअकराच्या वर जातं. साध्या पेट्रोलवर चढाला इंजिन खडखडू लागतं, आणि त्या खडखडीने पिस्टनला भोक पडू शकतं. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ २४ टक्क्यांनी वाढलं, म्हणून प्रत्येक स्फोटाचा जोर कनेक्टिंग रॉडवर आणि बिग एंडच्या बेअरिंगवरही किमान तितका वाढतो. जास्त पेट्रोल जळतं, उष्णता वाढते, सिलिंडरच्या पंख्या मात्र तेवढ्याच. नवी स्लीव्ह क्रँककेसच्या तोंडात मावत नसेल तर तोंड कातावं लागतं आणि स्टडजवळचा धातू पातळ होतो. म्हणून किटच्या खोक्यात सिलिंडर आणि पिस्टनशिवाय काय आहे, हे आधी पाहावं: हेड आहे का, गॅस्केट किती जाडीचं आहे, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीसाठी नव्या मॅपची सोय आहे का. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत ही शेवटची बाब टाळताच येत नाही.

यावर श्रीगोंद्यासारख्या भागातून येणारा आक्षेप वजनदार आहे. इथे मोटरसायकल मौजेची वस्तू नाही. तिच्यावर दुधाचे कॅन असतात, खताची गोणी असते, उसाचं वाढं असतं. ओढ कमी पडते, मग बोअर वाढवला तर चुकलं काय? मोठ्या सिलिंडरने ओढ वाढते, हे खरंच आहे. पण ओझ्याला ओढ लागते ती चाकावर, आणि तिथे पोचायचा स्वस्त रस्ता चेनचा आहे. मागे ४२ दातांऐवजी ४५ दातांचं स्प्रॉकेट घातलं तर प्रत्येक गियरला ओढ ७ टक्क्यांनी वाढते. वेग तितका घटतो, पण कॅन लादलेल्या गाडीला तो वेग नकोच असतो. बेअरिंगवरचा जोर आणि हेडची उष्णता यांत भर पडत नाही. ओझं याहून जास्त असेल तर मोठ्या इंजिनाची गाडीच घ्यावी, कारण तिचे ब्रेकही मोठे असतात.

दुसरा आक्षेप परदेशाकडे बोट दाखवतो. हार्ले-डेव्हिडसनचे मालक सर्रास मोठे सिलिंडर बसवतात, असं म्हटलं जातं. ते खरं आहे, पण त्या कंपनीने १९९९च्या ट्विन कॅम ८८साठी बोअर पावणेचार इंचांवरून ३.८७५ इंचांवर नेणारं ९५चं किट स्वतःच विकलं. तिथेही वाढीची जागा कारखान्याने मोजून दिलेली होती. शिवाय आपला कायदा वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड ठेवला. गाडीचं मॉडेल विक्रीआधी तपासून प्रमाणित करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, व्हीआरडीई, नगरलाच आहे. तिथे इंजिन, ब्रेक आणि धूर यांची परीक्षा होते. घरी बदललेला सिलिंडर त्या परीक्षेबाहेरचा असतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं त्यावर बोट ठेवते. शर्यतीच्या बंद ट्रॅकवर हा अडसर नाही. मोठ्या बोअरचं किट घ्यायचंच असेल तर ते अशा ट्रॅकसाठी, आणि ज्या इंजिनाचं मोठं भावंड कारखान्याने बनवलं आहे त्यासाठीच घ्यावं.

चाकणच्याच कारखान्यातली केटीएम ३९० ड्यूक २०१३ साली आली तेव्हा तिचा बोअर ८९ आणि स्ट्रोक ६० मिलिमीटर होता, घनफळ ३७३ सीसी. दहा वर्षांनी ती ३९९ सीसीची झाली. बोअर ८९च राहिला. वाढला तो स्ट्रोक, ६०चा ६४, आणि त्यासाठी क्रँक नव्याने बनवावा लागला.