पुढच्या वर्षीचा पिकअप आणि साठ वर्षांपूर्वीची कोंबडी

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलतानाची अडखळ काढली आहे, बाकी जसंच्या तसं.

सुरुवात एका फोनपासून. माझा इंजिनिअरिंगचा रूममेट सध्या अमेरिकेत, ॲरिझोनात असतो. त्याला २०२१ पासून टोयोटा टॅकोमा घ्यायचाय. टॅकोमा म्हणजे तिकडचा मिडसाइज पिकअप. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. २०२१ मध्ये तो म्हणाला, "नवीन जनरेशन येणारे, थांबतो." २०२४ चं मॉडेल आलं तेव्हा म्हणाला, "पहिल्या वर्षी बग असणार, पुढचं येऊ दे." पुढचंही आलं. आता म्हणतो, "फेसलिफ्ट येईल ना!" मधल्या काळात त्याचे आई-बाबा दोनदा तिकडे जाऊन आले. बाबांना स्वतःच्या ट्रकमधून ग्रँड कॅन्यन दाखवायचं ठरलं होतं. दोन्ही वेळा भाड्याची सेडान. यंदा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उंच ट्रकमध्ये चढणं आता त्यांना जड जाणार. परवा त्याने फोनवर विचारलं, "सांग ना, थांबू का घेऊ?"

मी कोड लिहिणारा माणूस, गाड्यांचा एक्स्पर्ट नाही. पण मला एक प्रश्न पडला: हे "पुढच्या वर्षीचं मॉडेल" नावाचं प्रकरण आलं कुठून? आणि पिकअपच्या बाबतीत इतकी वर्षं वाट का बघावी लागते? उत्तर शोधत गेलो तर वाटेत चक्क एक कोंबडी भेटली.

थांबायला शिकवलं कोणी?

हेन्री फोर्डचा मॉडेल टी १९०८ ते १९२७ असा एकोणीस वर्षं चालला. दीड कोटी गाड्या. फोर्डचं म्हणणं सोपं होतं: गाडी एकच, ती दणकट करायची आणि दरवर्षी स्वस्त करायची. सुरुवातीला ८५० डॉलरला असलेली गाडी पुढे ३०० डॉलरच्या खाली आली. वाट बघायचीच तर ती किंमत उतरण्याची.

समोर होती जनरल मोटर्स. तिचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन, एमआयटीत शिकलेला इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्याच्या लक्षात आलं, की स्वस्ताईत फोर्डला हरवता येणार नाही. अमेरिकेत आता बहुतेकांकडे पहिली गाडी आली होती, दुसरी विकायची कशी? उत्तर असं, की त्याच माणसाला त्याची चालती गाडी जुनी वाटायला लावायची. १९२७ मध्ये कंपनीने गाड्यांचं रूप आणि रंग ठरवणारा वेगळा विभाग काढला आणि हार्ली अर्ल या डिझायनरला तो सांभाळायला दिला. दरवर्षी थोडा बदल, काही वर्षांनी मोठा बदल, हा पायंडा तिथून पक्का होत गेला. कंपनीच्या संशोधन विभागाचा प्रमुख चार्ल्स केटरिंग याने तर १९२९ मध्ये ग्राहकाला असमाधानी ठेवा, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला! लपवाछपवी काही नाही.

आणि फोर्ड? १९२७ मध्ये त्याला मॉडेल टी बंद करावा लागला. नवी गाडी तयार नव्हती, त्यामुळे कारखाने काही महिने थंड पडले. डिसेंबरात मॉडेल ए आला. स्लोन जिंकला होता.

आपण दर सप्टेंबरला नवीन फोनची वाट बघतो ना, तिचं मूळ इथे आहे.

गंमत म्हणजे "मॉडेल इयर" हे कॅलेंडरचं वर्षही नाही. अमेरिकेच्या उत्सर्जन नियमांनुसार उत्पादनाच्या काळात त्या वर्षाची १ जानेवारी एकदाच आली पाहिजे. म्हणजे "२०२५ चं मॉडेल" २ जानेवारी २०२४ पासून कधीही बनायला लागू शकतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत, तो व्हर्जन नंबर आहे, रिलीजची तारीख नाही.

आता कोंबडी

पिकअप हा कामाचा प्राणी. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी कारखान्यातूनच हौद्यासकट विकायला काढला, तेव्हा गिऱ्हाईक होता शेतकरी आणि छोटा व्यावसायिक. त्याला दरवर्षी नवा मुखवटा नको होता. त्यामुळे पिकअप कारपेक्षा सावकाश बदलत. पण १९६० च्या दशकात त्यात एक राजकीय ब्रेक लागला.

अमेरिकेतल्या मोठमोठ्या पोल्ट्रींतून गोठवलेली स्वस्त कोंबडी पश्चिम जर्मनीत जायला लागली होती. तिथले शेतकरी ओरडले, आणि युरोपच्या सामाईक बाजारपेठेने १९६२ मध्ये तिच्यावरचं शुल्क चढवलं. बोलणी फसली. डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उलट चाल केली: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक, यांवर २५ टक्के आयात शुल्क. ट्रकचा निशाणा होता फोक्सवॅगन. बाकीच्या वस्तूंवरचा तो कर पुढे निघाला, ट्रकवरचा मात्र चिकटून बसला. त्याला आजही "चिकन टॅक्स" म्हणतात. आयात कारवर पुढे अनेक दशकं अडीच टक्के, आणि पिकअपवर २५.

फटका बसला जपान्यांना. मग सुरू झाला जुगाड. हौद्याशिवायची केबिन आणि सांगाडा आणला तर शुल्क फक्त ४ टक्के. म्हणून ट्रक हौद्याविना बोटीतून यायचा आणि हौदा अमेरिकेत बसवला जायचा. ही पळवाट १९८० मध्ये बंद झाली. सुबारूने तर आपल्या "ब्रॅट"च्या हौद्यात उलट्या तोंडाच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बोल्टने बसवल्या. सीट आहे म्हणजे ती कार!

शेवटी सरळ उपाय उरला, तो म्हणजे तिथेच कारखाना टाका. निसानने १९८३ मध्ये टेनेसीत पिकअप बनवायला सुरुवात केली. टोयोटाने पुढे कॅलिफोर्नियात. १९९५ मध्ये टोयोटाने जगभर चालणारा हायलक्स अमेरिकेच्या बाजारातून काढला आणि खास तिथल्यासाठी टॅकोमा आणला. आपल्याकडे २०२२ पासून मिळतो तो हायलक्स आणि माझ्या मित्राला हवा असलेला टॅकोमा वेगळे का, याचं एक मोठं कारण ही कोंबडी.

शेजारी हलला की आपण हलतो

भिंत उंच असली की आतले निवांत होतात. त्यात आणखी एक गोष्ट घडली. मोठे पिकअप किमतीत आणि मायलेजमध्ये मिडसाइजच्या इतके जवळ आले, की लोक म्हणाले, मग मोठाच घेऊ. डॉजने डकोटा २०११ मध्ये बंद केला. फोर्डने त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतला रेंजर बंद केला. शेव्हरोलेचा कोलोरॅडो २०१२ नंतर थांबला. मैदानात उरले मुख्यतः टॅकोमा आणि निसानचा फ्रंटियर.

मग काय झालं? टॅकोमाची दुसरी पिढी २००५ ते २०१५ चालली. फ्रंटियरची २००५ ते २०२१! मध्येच २०२० मध्ये निसानने नवीन इंजिन जुन्याच बॉडीत बसवलं, म्हणजे बॅकएंड नवा आणि फ्रंटएंड पंधरा वर्षांपूर्वीचा. टॅकोमात कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो आलं २०२० मध्ये. तोपर्यंत मोबाइल कुठल्या कुठे गेला होता.

आता हे वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. कोलोरॅडो २०१५ ला परतला, लगेच २०१६ ला नवा टॅकोमा. २०१९ ला रेंजर परतला, २०२० ला जीपचा ग्लॅडिएटर आला आणि त्याच वर्षी टॅकोमाचं फेसलिफ्ट. २०२२ ला नवा फ्रंटियर, २०२३ ला नवा कोलोरॅडो, २०२४ ला नवा रेंजर आणि नवा टॅकोमा, व्ही सिक्स काढून टर्बो चार सिलिंडर आणि वर हायब्रिड. प्रत्येक मॉडेलवर काम काही वर्षं आधी सुरू झालेलं असतं, हे खरं. तरी एक गोष्ट दिसतेच: मोठा अपडेट शेजाऱ्याच्या हालचालीबरोबर येतो. स्लोनचं कॅलेंडर दरवर्षी उलटतं, पण बरेचदा त्यात नवीन रंग आणि नवीन पॅकेजच असतं.

आणि कधी कधी वाट बघितलेली गाडी येतच नाही. आपल्या महिंद्राचीच गोष्ट घ्या. स्कॉर्पिओवर आधारलेला, आपल्याकडे "गेटअवे" म्हणून विकलेला डिझेल पिकअप अमेरिकेत न्यायचं ठरलं होतं. तिकडच्या डीलरांनी आगाऊ पैसे भरले, तारखा पुढे पुढे गेल्या. २०१० मध्ये उत्सर्जनाची मान्यताही मिळाली. पण तोवर महिंद्रा आणि तिथला वितरक यांचं बिनसलं, प्रकरण लवादात गेलं, आणि तो ट्रक अमेरिकेत विकला गेलाच नाही. "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत थांबलेले लोक थांबलेलेच राहिले.

मग मित्राला काय सांगितलं?

तीन गोष्टी. एक, मोठा बदल २०२४ ला होऊन गेलाय. आधीच्या पिढ्या आठ ते अकरा वर्षं चालल्या, त्यामुळे पुढचा मोठा बदल जवळ नाही. दोन, फेसलिफ्ट मागे एकदा चार वर्षांनी आलं आणि एकदा सात वर्षांनी, म्हणजे त्याचा नेम नाही, आणि त्यात मिळणार बहुधा नवं तोंड आणि मोठी स्क्रीन. पहिल्या वर्षीचे बग टाळायला थांबलास ते ठीक होतं, पण ते वर्ष गेलं. तीन, तुला जे हवंय त्याची यादी कर आणि त्यातलं आजच्या ट्रकमध्ये काय नाही ते मला सांग.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाही असं काहीच नाही रे."

गेल्या आठवड्यात त्याने ट्रक बुक केला. रंग कुठला, इंजिन कुठलं, काही बोलला नाही. फक्त एवढंच सांगितलं, की दाराखाली पाय ठेवायला रुंद पायरी बसवून घेतोय. बाबा ऑक्टोबरात येतायत.

तुम्ही कशाच्या "पुढच्या मॉडेल"साठी थांबलाय? फोन असो, बाइक असो, लिहून कळवा. भेटू पुढच्या भागात.