तंतु आणि राळ : काथ्याची शिवण व काचतंतूची ओढीव घडण

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखापलीकडील गांव तें भाट्ये. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मध्यें माडांच्या व सुरूंच्या रांगा, अशी या गांवाची ठेवण आहे. येथें इ. स. १९५५ सालीं नारळ संशोधनाचें केंद्र स्थापन झालें. हल्लीं तें दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठाच्या कक्षेंत आहे. माडाच्या जाती, त्यांचे संकर व उत्पन्न यांचा अभ्यास तेथें होतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र नारळाचें खोबरें नसून त्याच्या सोडणांतील तंतु हा आहे. आणि त्या तंतूच्या इतिहासाच्या आधारें आम्हांस एका अगदीं अर्वाचीन कारागिरीचा विचार करावयाचा आहे.

ही अर्वाचीन कारागिरी म्हणजे काचेचे तंतु राळेंत भिजवून, तापलेल्या साच्यांतून ओढून, त्यांच्या तुळया, कोन, नळ्या व सळया बनविणें. इंग्रजींत तिला पल्ट्रूजन म्हणतात. ‘ओढणें’ आणि ‘साच्यांतून दाबून काढणें’ या अर्थाच्या दोन शब्दांचा तो जोड आहे. आम्ही तिला ‘ओढीव घडण’ म्हणूं. तंतु व राळ यांच्या संयोगानें मजबूत वस्तु करण्याची विद्या आमच्या दर्यावर्दी लोकांस पूर्वींच अवगत होती, सबब ही नवी कला आमचीच होय, असा पक्ष सहज मांडला जाण्यासारखा आहे. उलट, जुन्या काथ्याच्या दोरीचा व या यंत्रविद्येचा कांहींएक संबंध नाहीं, असेंही कोणी म्हणेल. दोन्ही पक्ष पुराव्यानें पारखून घेतले पाहिजेत.

प्रथम काथ्याचा विचार करूं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील जुनी रीत अशी कीं, नारळाचीं सोडणें खाडीच्या मचूळ पाण्यांत कांहीं महिने, मलबाराकडे तर सहापासून दहा महिन्यांपर्यंत, दडपून ठेवावयाचीं. त्या अवधींत तंतूंस परस्परांशीं चिकटविणारा भाग सूक्ष्म जंतूंच्या योगें कुजून सुटा होतो. नंतर सोडणें दांडक्यानें बडवून, धुवून, वाळवून तंतु मोकळा करितात. हा तंतु वीतभर किंवा थोडा अधिक लांब असतो. इतक्या आंखूड तंतूपासून लांब दोर करावयाचा, तर त्यास पीळ देण्यावांचून गत्यंतर नाहीं. पिळामुळें तंतु तंतूवर दाबला जातो, घर्षण उत्पन्न होतें, आणि एक संपला तरी दुसरा भार उचलतो. दोन पदर उलट दिशेनें एकत्र वळले म्हणजे पीळ उलगडत नाहीं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं, ही म्हण ज्या लोकांनीं केली, त्यांस दोराचें बळ कशांत असतें हें पक्कें ठाऊक होतें.

या दोरानें फळ्या शिवून जहाजें बांधण्याच्या चालीचा उल्लेख परदेशीय ग्रंथांत वारंवार येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक ग्रंथांत अरबी समुद्रांतील शिवलेल्या होड्यांचा उल्लेख आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो यानें होर्मुझ येथील जहाजांचें वर्णन केलें आहे. नारळाचें सोडण घोड्याच्या केसांसारखें होईतों भिजवून त्याची दोरी वळतात, खाऱ्या पाण्यानें ती खराब होत नाहीं, व तिनें फळ्या शिवतात, असें तो सांगतो. परंतु हीं जहाजें तुफानांत टिकत नाहींत, हेंही लिहावयास तो चुकत नाहीं. चौदाव्या शतकांतील इब्न बतूता यानेंही काथ्यानें शिवलेल्या हिंदी व येमेनी जहाजांविषयीं लिहिलें आहे. आमच्याकडे भोजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत समुद्रगामी नौकेच्या बांधणींत लोखंड वापरूं नये, लोहचुंबकाच्या खडकांकडे तें ओढलें जाईल, असा निषेध आहे. दिलेलें कारण काल्पनिक आहे, परंतु निषेधामागील चाल खरी असली पाहिजे. शिवलेलें जहाज थोडें लवतें, म्हणून वाळूवर किंवा लाटांच्या माऱ्यांत आपटलें तरी एकदम फुटत नाहीं. आणि खाऱ्या हवेंत लोखंडाचा खिळा गंजतो तसा काथ्या गंजत नाहीं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (इ. स. १७१५ च्या सुमारास) आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. आंबा व फणस हीं लांकडें आरमाराच्या उपयोगाचीं खरीं, परंतु तीं झाडें वर्षां दोन वर्षांत होत नाहींत व रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून त्यांस हात लावूं नये, अशी त्यांत ताकीद आहे. जहाजाचें सामान कोठून आणावें याची राज्यकर्त्यास किती चिंता असे, हें यावरून दिसतें. लांकडाची ही चिंता राजनीतीच्या ग्रंथांत आली. दोर वळणाऱ्याच्या हाताची रीत मात्र तींत आली नाहीं.

आतां नव्या कारागिरीकडे वळूं. तिचीं दोन द्रव्यें निरनिराळ्या वाटांनीं आलीं. इ. स. १९०७ मध्यें लिओ बेकलंड यानें पूर्णपणें कृत्रिम अशी पहिली राळ सिद्ध केली. पुढें इ. स. १९३० नंतरच्या दशकांत पॉलिएस्टर जातीच्या राळा निघाल्या. त्याच दशकांत अमेरिकेंत काचेचा बारीक, लांब तंतु कारखानी प्रमाणावर काढण्याची युक्ति साधली, आणि इ. स. १९३८ मध्यें ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही मंडळी स्थापन झाली. तंतु राळेंत भिजवून अखंड ओढण्याच्या यंत्राचें एक महत्त्वाचें पेटंट डब्ल्यू. ब्रँट गोल्ड्सवर्दी यास ३ फेब्रुवारी १९५९ रोजीं मिळालें; या कलेच्या इतिहासांत त्याचें नांव प्रमुख मानितात. आरंभीं मासे धरण्याच्या काठ्या, शिड्यांचे दांडे, विद्युद्यंत्रांतील पाचरी असें किरकोळ काम तिनें होत असे.

कृति येणेंप्रमाणें असते. एका मांडणीवर काचतंतूच्या लडींचीं अनेक रिळें लाविलेलीं असतात. एकेक तंतु मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढा बारीक असून अशा सहस्रावधि तंतूंची एक लड होते. या लडी भोकांच्या फळ्यांतून नीट ओळीनें पुढें येतात, व त्यांजबरोबर आडवें बळ यावें म्हणून तंतूंची चटई किंवा विणलेली पट्टी घालतात. हें सर्व राळेच्या कुंडांतून जातें. राळ पॉलिएस्टर, व्हिनिलएस्टर अगर इपॉक्सी जातीची असते. तींत घट्ट करणारें द्रव्य, पूड व रंग मिसळलेले असतात. पुढें मार्गदर्शक पट्ट्या फाजील राळ निपटून काढितात व भिजलेल्या लडींस हळूहळू अपेक्षित आकार देतात. नंतर येतो पोलादी साचा. तो सुमारें एक मीटर लांब, आंतून क्रोमियमचा मुलामा दिलेला, आणि साधारण १०० ते २०० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान तापविलेला असतो. या उष्णतेनें राळेंत रासायनिक क्रिया सुरू होऊन तिची स्वतःचीही उष्णता निघते, व साच्यांतून जातां जातांच राळ घट्ट होते. साच्यापलीकडे दोन चिमटे आळीपाळीनें, विहिरींतून दोर ओढणाऱ्याच्या दोन हातांप्रमाणें, तयार झालेला नग ओढीत राहतात. शेवटीं नगाबरोबरच सरकणारी करवत ठराविक लांबीवर तुकडे पाडते. गति दर मिनिटास कांहीं सेंटिमीटरपासून दोन तीन मीटरपर्यंत असते.

घरांतल्या उदाहरणानें सांगावयाचें तर, सोऱ्यांतून चकली निघते ती मागून दाबल्यामुळें. सोनार जंतराच्या भोकांतून तार काढतो ती पुढून ओढल्यामुळें. भिजलेल्या तंतूस मागून ढकललें तर तो चुरमडेल, म्हणून येथें जंतराचीच रीत चालते. तथापि सोनाराची तार ओढतांना बारीक होत जाते. येथें तंतु बारीक होत नाहीं, साचा त्यास फक्त आकार देतो.

येथवर जें सांगितलें त्यावरून निर्णय करितां येतो. काथ्याची दोरी व ओढीव सळई यांत तीन भेद आहेत. पहिला असा कीं, दोरीचें बळ पिळांत आहे. ओढीव घडणींत पीळ बहुधा टाळतात, कारण सरळ ताणलेला तंतुच आपलें पूर्ण बळ देतो. दुसरा असा कीं, शिवलेल्या जहाजांत राळ व तेल हीं सांध्यांतून पाणी येऊं नये म्हणून असत, भार दोर व लांकूड उचलीत. येथें राळ तंतूंस जागच्या जागीं धरते व एकाचा भार दुसऱ्यावर पोंचविते. तिसरा भेद आमच्या वाचकांस लाखेच्या मोहोरेवरून समजेल. लाख तापविली कीं पुन्हां मऊ होते, जुनी राळही तशीच. नवी राळ एकदां घट्ट झाल्यावर कितीही तापविली तरी वितळत नाहीं, शेवटीं करपते. सबब ही कला आमच्या पूर्वजांस ठाऊक होती हें म्हणणें टिकत नाहीं. परंतु समुद्राच्या खाऱ्या हवेंत लोखंडाऐवजीं तंतूवर विसंबावें, हा विचार मात्र जुनाच आहे, व तो या किनाऱ्यावर अनुभवानें सिद्ध झाला होता. संबंध प्रयोजनाचा आहे, कृतीचा नाहीं.

तेंच प्रयोजन आज ओढीव नगांस मागणी आणतें. ते गंजत नाहींत; वजन पोलादाच्या सुमारें चौथाई; वीज त्यांतून वाहत नाहीं. स्कॉटलंडांतील अॅबरफेल्डी येथें टे नदीवर इ. स. १९९२ मध्यें अशा नगांचा पादचारी पूल बांधला. त्याची एकूण लांबी ११३ मीटर व मधला गाळा ६३ मीटर आहे. विद्युद्वाहिन्यांच्या संमिश्र रोधकांचा गाभा व प्रकाशतंतूच्या तारांतील आधाराची काडी हीं याच रीतीनें होतात. दोषही आहेत. युरोपांत इ. स. २००२ मध्यें या नगांच्या दोन प्रती ठरविल्या, त्यांची किमान ताठरता १७ व २३ गिगापास्कल आहे. पोलादाची सुमारें २०० असते. म्हणून तुटण्याच्या भीतीपेक्षां लवण्याचाच हिशेब आधीं करावा लागतो. आडव्या दिशेनें बळ कमी, व आगीपुढें राळ टिकत नाहीं.

जुनी व नवी या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या देखरेखीखालीं आल्याचें उदाहरण गोव्यांत आहे. रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाडी बेटावरील गोदींत लांकडाचा गाभा, काचतंतु व इपॉक्सी यांची ‘म्हादेई’ ही नौका तयार होऊन फेब्रुवारी २००९ मध्यें आरमारांत आली. ती ओढीव घडणीची नसली तरी द्रव्यें त्याच जातीचीं. तिच्यांतूनच दिलीप दोंदे यांनीं ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच दांडेकरांच्या होडी इनोव्हेशन्सनें पुढें अजिंठ्याच्या चित्रावरून काथ्यानें शिवलेली ‘कौण्डिन्य’ नौका बांधिली. तिचें काम सप्टेंबर २०२३ मध्यें सुरू झालें व २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें ती आरमारांत दाखल झाली. शिवणीसाठीं केरळांतून बाबू शंकरन यांच्या हाताखालील कारागीर आणावे लागले. चित्रावरून आकार मिळाला. टांका कसा घालावा हें चित्र सांगत नव्हतें, तें जिवंत हातांत होतें.

संशोधकांनीं लक्षांत घ्यावयाचें तें हेंच. काथ्या कुजतो, म्हणून जुन्या शिवणीचे अवशेष थोडे. ओढीव नग कुजत नाहीं व वितळवितांही येत नाहीं, म्हणून त्याचे अवशेष पुष्कळ राहतील. पण नग राहिला म्हणून कृति राहते असें नाहीं. राळेचें प्रमाण, साच्याची उष्णता, ओढण्याची गति हीं नगावर लिहिलेलीं नसतात. तीं कारखान्याच्या रोजच्या वहींत असतात, व अशा वह्या रद्दींत जातात. आमच्या संग्राहकांनीं खाडीकांठच्या वृद्ध दोर वळणाऱ्यांकडून त्यांचे शब्द व रीती उतरून घ्याव्या, आणि त्याच दप्तरांत नव्या कारखान्यांच्या जुन्या वह्या व साच्यांचे आराखडे यांसही जागा द्यावी. आज्ञापत्रकारानें झाडाची काळजी लिहून ठेविली म्हणून ती आपणांस कळली. दोराची कोणी लिहून ठेविली नाहीं, म्हणून ती केरळांतून आणावी लागली.