दुसऱ्या टीव्हीची स्वस्त वाट

२००७ मध्ये ॲपलने व्हिडिओ दाखवण्यासाठी टीव्हीला जोडायची डबी आणली. किंमत २९९ डॉलर. बेडरूममधल्या दुसऱ्या टीव्हीसाठी एवढे कोण मोजणार?

स्वस्ताईची सुरुवात नेटफ्लिक्सच्या कार्यालयात झाली. तिथे अँथनी वुड अशीच एक डबी घडवत होते. पण ती स्वतःच्या नावाने विकली, तर इतर उपकरण कंपन्या बिथरतील, या धास्तीने नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी ती ऐनवेळी वुड यांच्याच रोकू कंपनीकडे सोपवली. मे २००८ मध्ये ती सुमारे १०० डॉलरला बाजारात आली.

खरी उलथापालथ जुलै २०१३ची. गूगलचे क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीत खोचायची काडी, अवघे ३५ डॉलर! त्याला ना रिमोट, ना स्वतःचा मेनू. चित्रपट फोनवर निवडायचा. व्हिडिओ मात्र ती काडी वायफायवरून थेट खेचणार. टीव्हीला एचडीएमआयची खाच असली की झाले.

भारतात क्रोमकास्ट २०१४च्या अखेरीस २,९९९ रुपयांना आले, पण डेटा महाग होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटाचे दर कोसळले. एप्रिल २०१७ मध्ये ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ३,९९९ रुपयांना, बोलून चालवायच्या रिमोटसह मिळू लागली.

२०२४ मध्ये गूगलने क्रोमकास्टचे उत्पादन थांबवले. तोवर इंटरनेटवरचे व्हिडिओ दाखवायची सोय बहुतेक नव्या टीव्हींमध्ये कारखान्यातूनच येऊ लागली होती.